किल्ला पाण्यात, ठसा पाकिटावर

आधी त्या 'बॅसीन'च्या पाकिटाचं बोलू, मग प्रवासाचं. तुम्ही लिहिता की वडिलांच्या पत्र्याच्या पेटीत दोन पाकिटं निघाली. एकावर पंचम जॉर्जचं तिकीट आणि त्यावर 'बॅसीन' असा काळा गोल शिक्का. दुसऱ्यावर समुद्रातल्या तटाचं चित्र असलेला शिक्का, खाली मालवण आणि पिनकोड, आणि कोपऱ्यात कुणीतरी पेन्सिलीने '१९७०' लिहून ठेवलेलं. वडिलांचा संग्रह पुढे न्यायचा म्हणून या डिसेंबरात अलिबागपासून मालवणपर्यंत गाडीने जाऊन जलदुर्गांचे शिक्के गोळा करायचा तुमचा बेत आहे. शिक्का नीट कसा उमटवून घ्यायचा, स्वतः जायचं की टपालाने मागवायचा, आणि पुढे त्याला किंमत येईल का, असं तुम्ही विचारलंय. मी टपाल खात्यात तीसेक वर्षं काढली, त्यातली बरीचशी किनाऱ्यावरच्या काउंटरमागे. निवृत्त झाल्यापासून त्याच काउंटरच्या अलीकडे उभा राहून पाकिटं सरकवतो. दोन्ही बाजूंचे रुसवेफुगवे मला ठाऊक आहेत.

'बॅसीन' वाचून तुम्ही ते पाकीट वसई किल्ल्याच्या पानावर लावलंत. घाई केलीत. वसईचं इंग्रजी नाव बॅसीन होतं हे खरं; रेल्वे स्टेशनचंही जुनं नाव बॅसीन रोडच. पण त्याच नावाचं, त्याच स्पेलिंगचं दुसरं मोठं गाव ब्रह्मदेशात इरावतीच्या मुखाशी आहे, आजचं पथेन. ब्रह्मदेश १९३७ च्या मार्चअखेरपर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता आणि तिथे आपलीच तिकिटं चालत. म्हणजे पंचम जॉर्जचं तिकीट आणि बॅसीनचा शिक्का एवढ्यावरून पाकीट चिमाजीअप्पांच्या वसईचं की ब्रह्मदेशातलं, हे ठरत नाही. पाकीट उलटं करा. मागे पोचल्याचा किंवा वाटेतला शिक्का असेल. वसईहून मुंबईला गेलेलं पत्र एकदोन दिवसांत पोचलेलं दिसेल. ब्रह्मदेशातलं असेल तर समुद्रप्रवासाचे दिवस मध्ये पडलेले असतील, बहुधा रंगूनचा शिक्काही असेल. पत्ता कुणाचा आहे तेही बघा. ब्रह्मदेशातलं निघालं तर वसईच्या पानावरून काढा, पण टाकू नका. रत्नागिरीच्या लोकांना ब्रह्मदेश परका नाही, तिथल्या थिबा राजाने तीस वर्षं इथेच काढली. आमच्या बाजूच्या संग्राहकांकडे ब्रह्मदेशाचं एखादं पान असायचंच.

दुसऱ्या पाकिटाचं उत्तर सोपं आहे. पेन्सिलीतलं '१९७०' खोटं. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, त्यामुळे पिनकोड कोरलेला ठसा त्याआधीचा असूच शकत नाही. त्यात 'जि. सिंधुदुर्ग' असंही असेल तर आणखी पुढे या, कारण सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला झाला. तोवर मालवण रत्नागिरी जिल्ह्यात होतं. अलिबागकडेही हाच नियम लावा. १९८१ पर्यंत तो कुलाबा जिल्हा, त्यानंतर रायगड. जुन्या शिक्क्यात नुसतं 'कुलाबा' दिसलं की मुंबईचे लोक लगेच आपला मुंबईतला कुलाबा समजतात आणि अलिबागचे आपला किल्ला. दोघांनी पाकिटावरचा बाकीचा मजकूर वाचला तर भांडण मिटतं.

हे सगळं आधी सांगितलं, कारण तुमच्या खऱ्या प्रश्नाची किल्ली यातच आहे. शिक्का म्हणजे 'हे पाकीट या गावी, या दिवशी होतं' एवढीच साक्ष. किल्ल्याचं चित्र वर बसलेलं असतं. गाव आणि तारीख खरी असेल तर चित्र थोडं फिसकटलेलं असलं तरी मी ते पाकीट जपून ठेवतो. चित्र सुरेख आणि तारीख मागची असेल, तर माझ्या लेखी तो रबरी खेळ.

आता शिक्क्यांच्या जातींबद्दल. तुम्ही 'चित्राचा शिक्का' म्हणता त्यात दोन वेगळ्या गोष्टी येतात. एक विशेष शिक्का: एखादा समारंभ, प्रदर्शन, वर्धापनदिन असला की त्या दिवसापुरता ठसा करतात आणि बरोबर छापील विशेष पाकीट काढतात. दिवस संपला की ठसा बंद. दुसरा कायमस्वरूपी सचित्र शिक्का, संग्राहक ज्याला नुसतं पीपीसी म्हणतात. तो किल्ला, देऊळ, लेणी अशा ठिकाणाजवळच्या पोस्टात कायम ठेवलेला असतो आणि मागेल त्याला मारून देतात. त्याला वेगळे पैसे नाहीत. पाकिटावर नेहमीच्या टपालखर्चाइतकं तिकीट असलं की पुरे. साध्या पत्राला वीस ग्रॅमपर्यंत ५ रुपये. लोक पाकिटावर दहा-पंधरा तिकिटं डकवून आणतात, ती कौतुकासाठी. मास्तरला मात्र त्यामुळे प्रत्येक तिकिटावर शाई लागेल असा ठसा मारावा लागतो आणि चित्राचा चिखल होतो.

कुठल्या पोस्टात कुठला ठसा आहे, याच्या याद्या संग्राहकांमध्ये फिरत असतात. त्यातल्या एकाही यादीवर भरवसा ठेवून घरून निघू नका. ठसा झिजतो, हरवतो, दुरुस्तीला जातो, नाहीतर नुसता कपाटात पडून राहतो आणि बदलून आलेल्या नव्या मास्तरला तो आहे हेच माहीत नसतं. एकदा मी चार तास एसटीने गेलो. ठसा तिजोरीत आणि तिजोरीची चावी रजेवर. आदल्या दिवशी फोन करून 'किल्ल्याचा शिक्का आहे का आणि उद्या चावी असेल का' असे दोन्ही प्रश्न विचारा. दुसरा जास्त महत्त्वाचा. मुंबई जीपीओतल्या फिलाटेली ब्युरोतही विचारता येतं. पण रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे विभाग महाराष्ट्र सर्कलच्या गोवा रीजनमध्ये येतात, त्यामुळे तिकडची खबर पणजीला लवकर लागते.

पोस्टात जायची वेळ सांभाळा. सकाळी उघडल्या उघडल्या टपालाची बॅग फुटत असते, संध्याकाळी बंद होत असते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शन आणि बचतखात्यांची रांग. अकराच्या पुढे, दुपारच्या जेवणाआधी जा. रविवार सोडाच. आणि कितीही घाई असली तरी पाकिटांचा गठ्ठा काउंटरवर आपटू नका. मागे आजी पासबुक घेऊन उभी असते, तिला आधी जाऊ द्या. एवढं केलंत तर मास्तर स्वतः पॅड पुसून देतो, हे मी अनुभवाने सांगतो, कारण मीही तेच करायचो.

पण आमच्या किनाऱ्यावर पोस्टाच्या वेळेपेक्षा समुद्राची वेळ कडक. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, आणि किल्ला न बघता त्याचा शिक्का घेऊन परतणं मला पटत नाही. भरतीचा जुना हिशोब लक्षात ठेवा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, त्याच्या सहा तास पुढे-मागे ओहोटी. चतुर्थीला भरती तीनला, ओहोटी नऊला. अष्टमीला भरती सहाला, म्हणजे भर दुपारी बाराला ओहोटी. ऐकायला सोयीचं वाटतं, पण अष्टमीला भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी, पाणी फार आत जात नाही, वाटेत गुडघाभर तरी लागतं. मी द्वादशी किंवा त्रयोदशी धरतो. ओहोटी तीन-चारच्या सुमाराला येते आणि उधाणाचे दिवस जवळ आल्यामुळे पाणीही चांगलं हटतं. सकाळी पोस्ट, दुपारी किल्ला. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. तरी पाण्यात पाय घालण्याआधी किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्याला विचाराच. तिथी पंचांगात असते, वाळू रोज बदलते.

मुरूडला राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या जंजिऱ्याला जातात. मालवणला जेटीवरून सिंधुदुर्गासाठी बोटी आहेतच. हर्णैला मात्र सुवर्णदुर्गासाठी रांगेतली बोट नसते, बंदरावर कुणा होडीवाल्याशी ठरवावं लागतं, आणि संध्याकाळी मासळीचा लिलाव सुरू झाला की तुमच्याकडे बघायलाही कुणाला सवड नसते. विजयदुर्गाला होडी लागत नाही, तो जमिनीला जोडलेला आहे. पावसाळ्यात बाकीचे सगळे बंद असतात तेव्हा विजयदुर्ग तेवढा जवळून बघता येतो.

आता ठसा. सगळा घोळ शाईत होतो. नुकतीच शाई ओतलेलं पॅड पाहिलं की लोक खूष होतात, पण सचित्र ठशातल्या रेघा केसासारख्या बारीक असतात. ओल्या पॅडवर त्या बुडतात आणि तटाच्या जागी काळा डोंगर उमटतो. पॅड अर्धवट सुकं हवं. आधी कोऱ्या कागदावर दोनतीनदा मारून बघायला सांगा. बहुतेक वेळा दुसरा किंवा तिसरा ठसा सर्वात चांगला येतो, पहिला नाही. पाकिटाखाली सपाट आणि किंचित मऊ काहीतरी हवं. जुन्या वर्तमानपत्राची दहाबारा पानं घडी करून पिशवीत ठेवा, काउंटरच्या सनमायकावर मारलेला ठसा एका बाजूने नेहमी पुसट राहतो. पाकिटात पोस्टकार्डाएवढा जाड पुठ्ठा घाला, नाहीतर आतली डकवलेली कड ठशातून आडवी रेघ होऊन दिसते.

तिकीट फिकट रंगाचं निवडा. गडद निळ्या किंवा तांबड्या तिकिटावर किल्ला शोधावा लागतो. ठशाचा एक तृतीयांश तिकिटावर आणि बाकीचा पाकिटावर पडला तर तिकीटही रद्द होतं आणि चित्रही वाचता येतं. तारखेची जागा लहान असेल आणि आकडे उमटत नसतील तर शेजारी नेहमीचा तारीखशिक्का मागून घ्या. त्याने पाकीट बिघडत नाही, उलट साक्षीला दुसरा साक्षीदार मिळतो. मागची तारीख मात्र मागू नका. कुणी देतो म्हणाला तरी नको. देणारा नोकरी पणाला लावत असतो आणि घेणारा संग्रह.

शाई वाळेपर्यंत पाकिटं वेगळी ठेवा. हा धडा मला बावीस कार्डांना पडला. गुळगुळीत चित्रकार्डांवर ठसे मारून घेतले आणि बस सुटायच्या घाईत तशीच एकावर एक रचली. घरी आल्यावर प्रत्येकाच्या पाठीवर खालच्याचा किल्ला उलटा उमटलेला. चकचकीत कागदावर स्टँपपॅडची शाई तासभरसुद्धा ओली राहते. आता मी खरखरीत कागदाची पाकिटं नेतो आणि मध्ये घालायला टीपकागदाचे तुकडे.

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं करतो त्याकडे येतो: चित्र वाचणं. ठशाचा व्यास जेमतेम तीन सेंटिमीटरच्या आसपास, त्यातही कडेने गावाचं नाव आणि पिनकोड. मध्ये उरलेल्या जागेत अख्खा जलदुर्ग बसवायचा असतो. चित्रकाराला काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते ठरवावं लागतं, आणि तिथे त्याने किल्ला पाहिलाय की नुसता फोटो, ते कळतं. मी प्रत्येक चित्राला एकच प्रश्न विचारतो: हा किल्ला कुठे उभं राहून बघितलाय?

आपले बहुतेक चित्रकार जेटीवर उभे असतात. साहजिक आहे, फोटो तिथूनच निघतात. पण जलदुर्ग ज्यांना अडवायला बांधले ते समुद्रावरून येत होते. १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी तुळाजी आंग्र्यांकडून विजयदुर्ग, म्हणजे त्यांचा 'घेरिया', घेतला. त्या लढाईची इंग्रज चित्रकारांची चित्रं समुद्राकडून आहेत, पुढे जहाजांची रांग आणि मागे धुरात किल्ला. आदल्या वर्षी, एप्रिल १७५५ मध्ये, कमोडोर विल्यम जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. त्याच्या मृत्यूनंतर बायकोने १७८४ मध्ये लंडनजवळच्या टेकडीवर त्याच्या आठवणीला एक बुरूज बांधला, त्याचं नाव 'सेव्हर्नड्रूग'. हर्णैच्या किल्ल्याचं नाव इंग्रजी जिभेवर असं वळलं. पुढे कधी जुन्या इंग्रजी कागदात हे नाव दिसलं तर चमकू नका, तो आपलाच सुवर्णदुर्ग.

सिंधुदुर्गाचं चित्र तपासायचं तर दरवाजा बघा. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ ला पायाभरणी झालेल्या या किल्ल्याचा महादरवाजा बुरुजांच्या वळणात असा दडवलाय की होडी अगदी जवळ येईपर्यंत तो दिसत नाही. तटाच्या मधोमध ठसठशीत कमान काढलेली असेल तर चित्रकाराने दरवाजा आपल्या सोयीने बाहेर काढलाय. खरा सिंधुदुर्ग मालवणच्या किनाऱ्यावरून दिसतो तो असा: पाण्यालगत नागमोडी, बसका, लांबच लांब तट आणि त्याच्यावर डोकावणारे माड. तट जितका लांब आणि ठेंगणा तितकं चित्र खरं. उंच दाखवला की समजा, कुणीतरी डोंगरी किल्ला समुद्रात नेऊन ठेवलाय.

जंजिऱ्याची खूण वेगळी. त्याचे गोल बुरूज थेट पाण्यातून उठतात, पायाशी वाळूचा पट्टा नाही. मुख्य दरवाजा राजपुरीकडे तोंड करून आहे आणि जवळ जाईपर्यंत तोही कळत नाही, पण गोल बुरुजांची माळ लांबूनच ओळखू येते. मागच्या, समुद्राकडच्या बाजूला दर्या दरवाजा आहे, तो मात्र मी कुठल्याच चित्रात पाहिलेला नाही. जंजिऱ्याच्या पाकिटावर शिवाजी महाराजांचं तिकीट लावावं का, असं मला पुष्कळजण विचारतात. लावा, टपालाला चालतं. पण तो किल्ला सिद्दींचा, मराठ्यांना तो कधीच घेता आला नाही, आणि संस्थान १९४८ ला भारतात विलीन होईपर्यंत त्यांच्याकडेच राहिला. त्याच्या समोर महाराजांनी पद्मदुर्ग उभा केला, तिथे ते तिकीट शोभेल. जाताजाता सांगतो, पद्मदुर्ग बघितलात तर तटाच्या दगडांकडे बघा. खाऱ्या वाऱ्याने दगड झिजून आत गेलेत आणि त्यांच्यामधला चुना तसाच बाहेर उभा आहे, जाळीसारखा. हे कुठल्याही ठशात मावणार नाही.

विजयदुर्गाच्या चित्रात तटांच्या रांगा मोजा. एकामागे एक तीन तट हीच त्याची ओळख, आणि वाघोटण खाडीच्या तोंडावर तो जमिनीला चिकटलेला आहे. चारी बाजूंनी लाटा काढल्या असतील तर तो विजयदुर्ग नाही. खांदेरीच्या चित्रात दीपगृह असतंच, १८६७ सालचं, आणि बेटावरच्या दोन टेकड्या. कुलाब्याच्या चित्रात समोरची वाळू आणि चालणारी माणसं असली तर चित्रकार ओहोटीला गेला होता म्हणायचं. सुवर्णदुर्ग सर्वात अवघड. तट खडकातूनच कोरून वर चढवल्यासारखा, दुरून खडक कुठे संपला आणि भिंत कुठे सुरू झाली ते समजत नाही. त्याच्या दारात मारुती आहे आणि उंबऱ्यापाशी कोरलेलं कासव. मला विचारलंत तर तिथे ठसा करायचा तर कासवाचा करावा, पण मला कोण विचारतो!

पाकिटावर छापलेला मजकूरही असाच तपासा. विजयदुर्गाच्या बाबतीत 'लॉकयर यांनी या किल्ल्यावरून हेलियम शोधला' असं वाक्य तुमच्या नजरेला पडेल; लॉकयर म्हणजे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची आठवण म्हणून गडावरचे 'साहेबाचे ओटे' दाखवतात, तिथे दरवर्षी हेलियमचा दिवसही साजरा होतो, आणि त्यात वावगं काही नाही. पण त्या दिवशी सूर्याच्या प्रकाशातली हेलियमची पिवळी रेघ पाहणारे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जानसेन गुंटूरला होते आणि लॉकयरनी ती पाहिली ऑक्टोबरमध्ये, इंग्लंडातून, ग्रहण नसताना. गावाच्या अभिमानाला धक्का लागतो म्हणून हे बोलायला लोक कचरतात. माझ्या संग्रहात असं वाक्य आलं तर मी पानाखाली पेन्सिलीने दुरुस्ती लिहून ठेवतो.

चित्रकार्डाच्या चित्राच्याच बाजूला त्या विषयाचं तिकीट लावून त्यावर जुळणारा शिक्का घेतला की त्याला मॅक्सिमम कार्ड म्हणतात. त्यात चित्र, तिकीट आणि शिक्का या तिघांचा विषय जुळायला हवा, शिवाय गाव आणि काळही. जलदुर्गांना जुळणारी तिकिटं शोधताना १९९९ चं कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं तिकीट विसरू नका. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याला त्याच्याइतकं जवळचं दुसरं नाही. १९८४ च्या किल्ल्यांच्या संचात आपला सिंहगड आहे, पण तो सह्याद्रीतला, समुद्राशी त्याचं नातं नाही. सिंहगडाचं तिकीट आणि सिंधुदुर्गाचा शिक्का अशी जोडी मी प्रदर्शनात पाहिली आहे, दोन्ही 'सिं'ने सुरू होतात एवढाच काय तो मेळ.

टपालाने मागवायचं तर मागवता येतं. पाकिटावर तिकीट लावा, आपला पत्ता घाला, मोठ्या पाकिटात घालून त्या पोस्टाच्या मास्तरांच्या नावे पाठवा. आत चार ओळींचं मराठी पत्र घाला, ठसा कुठे हवा ते पेन्सिलीने नाजूक वर्तुळ करून दाखवा. छापील अर्ज पाठवू नका. हाताने लिहिलेल्या पत्राला उत्तर येतं. एका वेळी चारपाच पाकिटांपेक्षा जास्त नकोत. पूर्वी मी सांगायचो की त्यातलं एक रजिस्टर करा म्हणजे दोन्ही टोकांच्या तारखा मिळतात. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झालं आणि पाकिटावर बारकोडचं लेबल बसतं. ते चित्रावर चिकटू नये म्हणून डावीकडची खालची जागा मोकळी सोडा. समक्ष गेलात तर काही मास्तर पाकीट हातात परत देतात, काही 'टपालातच जाऊ द्या' म्हणतात. दोघांशीही वाद घालू नका. मला स्वतःला टपालातून प्रवास करून आलेलं, जरा चुरगळलेलं पाकीटच आवडतं.

घरी आल्यावर आपला खरा शत्रू दमट हवा. कोकणात जूनला कपाट बंद केलं की सप्टेंबरला बुरशी हजर. पाकिटं साध्या प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, सेलोटेप तर घरातच आणू नका. बटरपेपरच्या खिशात, उभी, सैलसर ठेवा आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. पावसाळ्यात न वापरलेली तिकिटं एकमेकांना चिकटतात, ती वेगळीच ठेवा. दसऱ्याच्या सुमाराला एकदा सगळं बाहेर काढून सावलीत वारं द्या. ऊन दाखवू नका, ती मासळी नाही.

किमतीचं थोडक्यात. कायमस्वरूपी शिक्का मागेल त्याला मिळतो, म्हणून नुसत्या ठशाला बाजारात फारसा भाव नाही आणि येईल असंही मी म्हणणार नाही. ठसा बदलला किंवा बंद झाला तर जुन्या ठशाची, खऱ्या प्रवासाची पाकिटं लोक शोधतात. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे आपल्या किनाऱ्यावरचे चार. तेव्हापासून मला येणारे फोन वाढलेत आणि विकणाऱ्यांच्या तोंडी 'दुर्मीळ' हा शब्दही. तुमच्या वडिलांच्या पाकिटावर '१९७०' लिहिणारा हात त्याच जातीचा असावा.

एक सुचवतो. डिसेंबरचा बेत आठवडाभर अलीकडे ओढता आला तर २५ नोव्हेंबरला मालवणात असा, पायाभरणीच्या दिवशी. तो दिवस रविवारी येत नाही ना, एवढं आधी बघून घ्या. नाहीच जमलं तर ४ डिसेंबर, नौदल दिन. २०२३ मध्ये तो मालवणलाच झाला होता. पोस्ट उघडून बॅगेची गडबड ओसरली की पाकिटं देऊन या, ठसे मारून एकेक वेगळं पसरून ठेवायला सांगा आणि जेटीवर जा. किल्ल्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरी आहेत, चारी बाजूंना खारं पाणी असताना गोड्या पाण्याच्या. तिथलं पाणी प्या, तट फिरा, दरवाज्याच्या वळणात थोडा वेळ उभे राहा. दोन-तीन तासांनी परत याल तेव्हा शाई वाळलेली असेल.